एका युनिटमागे किती मुलूख

बालाघाटच्या पठारावर, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा-शिरूर कासारच्या बाजूला, मोबाइलचा एकेक टॉवर कितीतरी वाड्या-तांड्यांना पुरतो. शहरातल्या टॉवरच्या मानाने त्याच्यावरून डेटा कमी जातो, वीज मात्र त्या प्रमाणात घटत नाही. प्रवासी नसले तरी एस.टी. डिझेल पितेच, तसा फोन शांत असतानाही टॉवर संकेत सोडत राहतो. टूजीची मुख्य लहर तर रात्रंदिवस एकाच ताकदीने चालू ठेवावी लागते, आणि गावात साधे कीपॅड फोन आहेत तोवर ती बंद करणं परवडत नाही.

मग हा टॉवर काटकसरी की उधळ्या? युरोपातल्या ‘एट्सी’ या संस्थेच्या ‘ईएस २०३ २२८’ मानकात त्यासाठी दोन मापं आहेत: खर्चलेल्या ऊर्जेमागे किती डेटा वाहिला आणि किती क्षेत्राला सेवा मिळाली. नुसतं पहिलं माप लावलं, तर बालाघाटातले टॉवर कायम तळाशी दिसतील आणि ते बंद करण्यालाच कुणी बचत म्हणेल. दुसरं माप शेजारी ठेवलं की त्यांचं मोल कागदावर उमटतं.

खरं कसब मोजणी कुठे करायची यात आहे. विजेचं बिल अर्धीच गोष्ट सांगतं. टॉवरवरची यंत्रणा उणे ४८ व्होल्टच्या डीसीवर चालते. काही वीज एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमध्ये, काही बॅटरीत, काही खोली थंड ठेवण्यात जाते. लाइट गेली की जनरेटर लागतो. तो लिटरमागे साधारण ३ युनिट देतो, आणि मोठा जनरेटर थोड्याशा भारावर चालवला तर त्याहूनही कमी. म्हणून मुरलेला तंत्रज्ञ महावितरणची लाइन, जनरेटर आणि डीसी पॅनेल या तिन्हींवर वेगळे मीटर बसवतो. तो आधी पहाटेचा आकडा पाहतो. कुणी बोलत नसताना लागणारा हा खर्च. तिथे १०० वॅट वाचले, तर वर्षाला ८७६ युनिट वाचतात.

रात्री फोरजीचे १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झचे जादा बँड झोपवता येतात. ८०० किंवा ९०० चा, लांब पोचणारा, जागा ठेवायचा.

हे वेळापत्रक पुण्या-मुंबईवरून उचलून चालत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडचे लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं राहतात. डेटा घटतो, पण फडावरून येणारा आई-बापांचा फोन त्या घरांना लागला पाहिजे. हंगामात जादा बँड जास्त तास झोपवावेत, लांबचा बँड एक तासही नाही.

दूरसंचार विभागाने २०१२ मध्येच २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले ५० टक्के टॉवर अपारंपरिक ऊर्जेच्या जोडीने चालवायला सांगितलं होतं. त्याच २०१५ साली बीडमधलंच परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी थांबलं. पाण्याची अशी टंचाई असली तरी बीडमध्ये ऊन मुबलक आहे, तेव्हा सौर पॅनेल हवेतच. पण आधी भार उतरवायला हवा. २ किलोवॅटचा टॉवर दिवसाला ४८ युनिट मागतो, दीड किलोवॅटचा ३६. पॅनेल आणि बॅटरीची खरेदी या दुसऱ्या आकड्यावर बेतली, तर त्याच पैशांत आणखी टॉवरांवर सौरऊर्जा पोचवता येते.