बिनकामाचा टायगर

असोद्याला आमच्या मळ्यात राखणीसाठी बाबांनी लॅब्राडोर आणला. नाव टायगर. पण पठ्ठ्या अनोळखी माणसालाही शेपूट हलवायचा! "याले पोसून काय फायदा?" म्हणत बाबांनी त्याला साखळीला बांधला.

मे महिन्यात घरी गेलो. टायगर उन्हात धापा टाकत होता. राहवलं नाही, सोडला. गडी थेट विहिरीजवळच्या हौदात! गंमत म्हणून चप्पल फेकली, तर पोहत जाऊन घेऊन आला. दाताची खूणसुद्धा नाही.

हॉस्टेलला परतल्यावर त्याचं मूळ शोधलं. नाव लॅब्राडोरचं, पण पूर्वज शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथल्या कोळ्यांचे हे कुत्रे गारठलेल्या समुद्रात उडी मारून गळातून निसटलेले मासे, दोर तोंडात धरून आणत. अंगावर पाणी न धरणारे दाट केस, बोटांमध्ये पडदा, पाणमांजरासारखी शेपटी, सगळं त्याच कामाचं. १९व्या शतकात ते इंग्लंडला गेले, शिकारीत पडलेले पक्षी आणू लागले. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली.

म्हणजे हा जन्माचा 'आणून देणारा', आणि आम्ही त्याला राखणीच्या पेपरात नापास केला! फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. ते गप्प. मला मात्र उगाच माझा एम-थ्रीचा बॅकलॉग आठवला.

दिवाळीत गेलो तेव्हा साखळी खुंटीवर होती. बाबा बांधावरून येत होते, मागे टायगर, तोंडात बाबांचा रुमाल.

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवरही चुकीच्या ब्रँचला बांधलेले टायगर कमी नाहीत. त्यांना एकदा हौद दाखवून तर बघा!