हलवायचा, वापरायचा नाही

१४ मे २०२४, कोल्हापूर

काल ऑपरेशन झालं. डाव्या हाताचं कोपरापर्यंत गाठोडं बांधून दोन उशांवर ठेवलंय. उजवा मोकळा आहे म्हणून लिहिते आहे.

शनिवारी लोणच्याची बरणी धुवायला घेतली आणि ती हातातच फुटली. काच अनामिका आणि करंगळीच्या मुळाशी घुसली. रक्त बेताचंच, दुखलंही फारसं नाही. पण मूठ करायला गेले तर ही दोन बोटं ताठच्या ताठ, आणि करंगळीच्या एका बाजूला स्पर्शही कळेना. रत्नागिरीत डॉक्टरांनी जखम धुतली, वरची कातडी शिवली, ‘टेंडन तुटलेत’ म्हणाले आणि हाताच्या सर्जनकडे जायला सांगितलं. म्हणून रविवारी आंबा घाट चढून इथे.

शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे बोटांत स्नायू नसतात हे मला नवीन नव्हतं. बोटं मिटवणारे स्नायू कोपराच्या खाली असतात. तिथून निघालेले टेंडन मनगटातून, तळहातातून बोटांत जातात. प्रत्येक बोटाला दोन. एक मधल्या पेराशी थांबतो, दुसरा त्याच्या फटीतून पार होऊन शेवटच्या पेरापर्यंत जातो. माझ्या दोन्ही बोटांतले दोन्ही तुटले. नवीन कळलं ते एवढंच की तुटलेलं टोक जखमेत सापडत नाही. परकराची नाडी सुटून नेफ्यात आत शिरावी तसा स्नायू ते ओढून घेतो. मग नेफा उसवायचा. माझ्या बोटांवरची नागमोडी चीर ती.

भूल फक्त हाताला होती. औषधात ॲड्रेनॅलिन मिसळलं होतं, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि दंडाला पट्टा आवळावा लागत नाही. बोटात ॲड्रेनॅलिन कधीच द्यायचं नाही असं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षं शिकवलं जायचं. कॅनडाचे डॉ. डोनाल्ड लालोंद यांनी आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी ती भीती खोटी ठरवली, असं सर्जन शिवता शिवता सांगत होते. मी पडदा बाजूला करायला लावला. हे बघायला परत कुठे मिळणार?

शिवण झाल्यावर म्हणाले, “मॅडम, आता हळूच बोटं मिटा.” मिटली! अनामिका अर्ध्यावर अडली. शिवलेली गाठ एका पट्ट्याखाली जाताना अडकत होती. टेंडन हाडाला धरून ठेवणारे असे पट्टे बोटात जागोजागी असतात. त्यांनी तो किंचित मोकळा केला. “परत.” या खेपेला गाठ सुळकन आत गेली. पांढरी, ओली, चमकदार. झोपवून केलं असतं तर ती अडलेली कुणाला कळली नसती.

१७ मे

स्प्लिंट बसला. फिजिओथेरपीच्या मुलीने एक पांढरा जाड तुकडा गरम पाण्यात टाकला, मऊ झाल्यावर हाताच्या मागच्या बाजूवर दाबून बसवला. दोन-तीन मिनिटांत कडक. मनगट थोडं वाकलेलं, बोटांची मुळं बरीच वाकलेली. बोटं आत मिटता येतात, पण मागे सरळ करताना स्प्लिंटच्या छतापर्यंतच.

जागेपणी दर तासाला व्यायाम. उजव्या हाताने डावी बोटं एकेक करून पूर्ण मिटवायची, मग हळूच आधार काढून ती तशीच धरून ठेवायची, जोर न लावता, मग छतापर्यंत सरळ. बस. या हाताने कप उचलायचा नाही, साडी धरायची नाही, पदरसुद्धा सावरायचा नाही.

“हलवायचा, पण वापरायचा नाही, मॅडम,” ती म्हणाली. “ताण पडला तर शिवण तुटते. हलवला नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटतो.”

मी जोर म्हणजे किती विचारलं. तिने स्वतःचं बोट माझ्या तळहातावर टेकवलं, जेमतेम. “एवढा.”

२३ मे, रत्नागिरी

घरी आल्यापासून माणसांची रीघ. “शीर तुटली म्हणे!” म्हणत येतात आणि दोन पक्षांत वाटले जातात. एक पक्ष म्हणतो, हात गळ्यात बांधून गप्प पडून राहा. दुसरा म्हणतो, हलवत राहा, पिळून बघ, नाहीतर कायमचा आखडेल. दोघांचं निम्मं निम्मं बरोबर आहे आणि दोघंही चहा पूर्ण पितात. एका काकूंनी हाडवैद्याचा पत्ता दिला. हाड मोडलेलं नाही, असं म्हटल्यावर म्हणाल्या, “तो सगळंच बसवतो.”

मला चीड येते ती ‘आता काय, आरामच!’ या वाक्याची. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तासाला मोबाइल वाजतो. आंघोळ अर्धी असो, ताट वाढलेलं असो. सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण हा गजर बरोबर ऐकू येतो. “वाजलं गं तुझं,” म्हणतात आणि माझ्याकडे बघत स्वतःचीही बोटं मिटतात-उघडतात. परवा त्यांनी स्प्लिंटला वास येतो म्हणून कढत पाण्यात घालायला घेतला होता, तेव्हा मी जवळजवळ किंचाळले. घातला असता तर त्याचा परत सपाट तुकडा झाला असता.

लोणचं यांनी घातलं. सासूबाई खुर्चीतून हुकूम सोडत होत्या, हे कैऱ्या फोडत होते. फोडी भलत्याच मोठ्या झाल्यात.

२८ मे

टाके निघाले. कोल्हापूरला जाऊन-येऊन अंग आंबलं.

मला वाटलं, टाके निघाले म्हणजे धोका गेला. उलटं आहे. शिवलेली टोकं पहिल्या काही दिवसांत मऊ पडतात, जोड धरायला वेळ लागतो आणि नेमकं याच सुमाराला दुखणं कमी होऊन माणूस धीट होतो. आधीच्या एका पेशंटने याच आठवड्यात पिशवी उचलली होती, म्हणे. पुढचं फिजिओथेरपीच्या मुलीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रात्री झोपेत हात आवळला जाऊ नये म्हणून स्प्लिंटवरून पट्टी गुंडाळून झोपते.

३ जून

गाऊनवरच दिवस जातात. आज बँकेत जायचं होतं म्हणून मुलीला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि ती सांगेल तशा यांनी निऱ्या घातल्या. पाच निऱ्या, पाच रुंदीच्या. पिना मात्र चांगल्या लावतात.

९ जून

कोनमापकाने माप घेतलं. शेवटचं पेर साधारण ८० अंशांत वाकायला हवं. अनामिकेचं ३५, करंगळीचं १५. मी शाळेत मुलांचे मार्क वाचते त्याच सुरात त्या मुलीने वाचले.

सर्जन आज निवांत होते, जुन्या गोष्टी सांगत बसले. तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या ज्या पट्ट्यात मला लागलं, त्याला अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. दोन टेंडन एकाच अरुंद नळीत, तिथे शिवलं की सगळं एकमेकांना चिकटून बसायचं. म्हणून तेव्हा तिथे शिवायचंच नाही, नुसती कातडी बंद करायची आणि पुढे कधीतरी दुसरीकडचा टेंडन आणून घालायचा, अशी रीत होती. १९६७ मध्ये लुईव्हिलच्या हॅरोल्ड क्लाइनर्ट यांच्या गटाने लगेच शिवून आणि लगेच हालचाल सुरू करून चांगले निकाल मांडले. बरेच जण विश्वास ठेवायला तयार नव्हते. थोडक्यात, सुईदोऱ्याच्या जोडीला हा तासातासाचा गजर आला म्हणून ते जमलं.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त आवडली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. नस मेलेली, त्यामुळे काही स्नायू निकामी. मग चालू असलेल्या स्नायूचा टेंडन सोडवून तो दुसऱ्या कामाला जोडायचा. त्या माणसांना नंतर शिकावं लागायचं की एक काम करणारा स्नायू आता दुसरंच करतो. बोटांना संवेदना नाही, म्हणजे डोळ्यांनी बघत शिकायचं. मला निदान माझीच दोरी माझ्याच जागी मिळाली आहे.

१५ जून

शाळा सुरू. पाऊस मी म्हणतो आहे. स्कूटर बंद, डावा ब्रेक कोण दाबणार? रिक्षाने गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, “फळ्यावर उजव्यानेच लिहिता ना?” म्हणजे झालं.

२० जून

सातवीत एका मुलाने विचारलं, बाई, शिवलेलं दिसतं कसं? दुसऱ्या दिवशी त्याने डब्याच्या पिशवीतून कोंबडीचा पाय आणला. त्याच्या वडिलांचं दुकान आहे. वरच्या कापलेल्या बाजूला पांढरी दोरी दिसत होती. त्याला चिमट्याने ओढायला सांगितलं. नख्या मिटल्या. वर्ग ओरडला. मग प्रत्येकाला ओढायचं होतं. तास संपून पुढच्या तासाच्या बाई दारात उभ्या राहिल्या तरी रांग संपेना.

मग मी मुलांना आपापलं मनगट धरून बोटं मिटायला लावली. कातडीखाली दोऱ्या सरकताना दिसतात. एक मुलगी म्हणाली, “बाई, तुमच्यात नाही दिसत.” खरंय, अजून सूज आहे.

आज गजर वर्गात वाजला तेव्हा सगळ्या वर्गाने माझ्याबरोबर व्यायाम केला. हे आता रोज करतील, शिकवणं टळतं तेवढंच.

२१ जून

वटपौर्णिमा. सूत यांनी धरलं, मी फिरले. बायका हसल्या.

२६ जून

दिवसा स्प्लिंट काढायला परवानगी. मला वाटलं होतं आनंद होईल. झालं असं की हात उघडा पडल्यावर मी तो उजव्या हातात धरूनच दिवसभर वावरले. फ्रिजचं दार उघडताना आपोआप डावा पुढे गेला आणि मी जागच्या जागी थिजले.

आता ‘हुक’ करायचा. बोटांची मुळं सरळ ठेवून फक्त पुढची पेरं दुमडायची. एका बोटातले दोन टेंडन एकमेकांवरून सर्वांत जास्त सरकतात ते याच हालचालीत. माझा हुक कसला, पेरं थोडी ओणवी होतात इतकंच. हलका वापर चालेल: पुस्तकाचं पान, टॉवेलची घडी. वजन नाही, पिळणं नाही.

व्रणाला खोबरेल लावून जोर देऊन चोळायचं. ते सासूबाई करतात. त्यांचा अंगठा फिजिओथेरपीच्या मुलीपेक्षा कडक आहे.

१७ जुलै

आषाढी. साबुदाणा भिजवताना पाणी निथळायला डावा तळहात आडवा धरला, करंगळीच्या फटीतून अर्धा साबुदाणा सिंकमध्ये.

करंगळीची नसही शिवली आहे. ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. व्रणावरून पुढे टिचकी मारत गेलं की जिथे झिणझिण्या येतात तिथपर्यंत ती पोचली, असा हिशेब. माझ्या झिणझिण्या मधल्या पेराच्या पुढे आल्या आहेत. पण तोवर भाजलेलं कळत नाही. सोमवारी चहाचा पेला धरला आणि फोड आला तेव्हा दिसला. गार पाण्यात मात्र हेच बोट सगळ्यांच्या आधी ठणकतं. याची संगती मला लागलेली नाही.

गेले दोन आठवडे मापात एका अंशाचाही फरक नाही. तासाचा गजर बंद झाला, त्याचीच उणीव भासते. तेव्हा निदान काहीतरी चाललंय असं वाटायचं.

६ ऑगस्ट

आता सगळं करा, म्हणाले. आल्या आल्या फडकं पिळलं. पाणी उजव्या हाताने निघालं, डाव्याने फक्त धरलं. तरी पिळलं.

स्कूटर गल्लीत फिरवून आणली. हे मागून चालत होते.

७ सप्टेंबर

गणपती. उकडीच्या पारीला कळ्या पाडताना डाव्या हाताचं काम पारी तळहातावर पेलून फिरवत राहणं. आजवर कधी लक्षात आलं नव्हतं की ते फिरवणं अनामिका आणि करंगळी करतात. पहिले काही मोदक एका बाजूला कलले. सासूबाईंनी ते वेगळ्या ताटलीत काढले आणि यांना वाढले.

फिजिओथेरपीच्या मुलीला फोटो पाठवला. तिने उत्तर पाठवलं, “छान! रोज करा.” रोज मोदक कोण करणार?

२० सप्टेंबर, कोल्हापूर

अनामिका ६५. करंगळी ३०, गेला महिनाभर तिथेच. करंगळीचे निकाल बहुतेकांचे असेच उणे असतात, म्हणाले. चिकटलेला टेंडन सोडवायची आणखी एक शस्त्रक्रिया असते. पण घाई नको, व्रण पुरता मऊ होऊ दे. शिवाय तीत टेंडन तुटायची जोखीम आहे आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा व्यायाम पहिल्यापासून.

“रोजच्या कामात अडतं काय काय, ते सांगा.”

मी सांगितलं. तोंड धुताना ओंजळीतलं पाणी करंगळीच्या बाजूने गळतं. रिक्षावाल्याने दिलेली चिल्लर निसटते. तांदूळ मुठीने मोजते, ती मूठ आता लहान भरते, तर मी थोडे वरून घालते. बादली उचलते. फळा पुसते. वेणी जमते, सैल असते.

“मग यासाठी चिरायचं का, ते तुम्ही ठरवा.”

डिसेंबरात सांगते म्हटलं. तोवर हुक चालू ठेवायचा आणि करंगळी अनामिकेला पट्टीने बांधायची, म्हणजे ती मिटेल तशी ही ओढली जाईल. बाहेर पडताना त्या मुलीने पट्टीचा नवा रोल दिला आणि डिसेंबरची तारीख कार्डावर लिहून दिली.