सामना मैदानात की स्टँडमध्ये?

बँकॉकच्या ऑफिसात रुजू झाल्यावर सगळ्यात आधी मला चक्रावून टाकलं ते आमच्या साहेबांच्या शाळेने. साहेब पन्नाशी ओलांडलेले. लिफ्टमध्ये एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ भेटले, दोघांच्या कोटावर एकाच शाळेचा बिल्ला. नाव-गाव राहिलं बाजूला. दोघांनी एकमेकांना आकडे सांगितले आणि साहेबांनी लगेच वाकून हात जोडले. आकडा म्हणे शाळेतल्या तुकडीचा. ज्याचा लहान तो ‘पी’, म्हणजे थोरला भाऊ. ज्याचा मोठा तो ‘नोंग’, धाकटा. हुद्दा कुणी विचारलाच नाही.

शाळा सुआनकुलाब विद्यालय. मुलांची, आणि चक्क सरकारी. राजे चुलालोंगकोर्न यांनी 1882 साली ती राजवाड्याच्या आवारात काढली. आता ती फुलबाजाराला लागून आहे. शंभरी ओलांडलेली तिची लांबलचक इमारत रस्त्यावरूनच दिसते. सेनी आणि कुक्रित प्रामोज हे सख्खे भाऊ इथेच शिकले आणि दोघंही पंतप्रधान झाले. साहेब हे सांगतात तेव्हा स्वतःच्या घरचंच सांगतायत असं वाटतं.

जूनमध्ये त्या फुलबाजारात गेले तर शाळांच्या गुरुपूजनाची तयारी चाललेली. वार गुरुवार, तबकात दूर्वा, लाह्या, एक्झोरा आणि वांग्याचं फूल! दूर्वा-लाह्या ओळखीच्या, पण वांग्याचं फूल? विक्रेतीने ते देठाला धरून दाखवलं: मान खाली घातलेलं. शिष्याने असं नम्र असावं. दूर्वा चिकाटीची, एक्झोराची टोकदार कळी तल्लख बुद्धीची. गुरूची पूजा, एवढी एकच गोष्ट मला कुणी न समजावता पटली असती.

मग साहेब मला फुटबॉलला घेऊन गेले. ‘चतुरमित’ ही चार शाळांची स्पर्धा 1964 पासूनची, साधारण दर दोन वर्षांनी राष्ट्रीय स्टेडियमवर होणारी. सुआनकुलाब आणि देबसिरिन या सरकारी, असम्प्शन आणि बँकॉक ख्रिश्चन या मिशनऱ्यांच्या. मी बापडी चेंडूकडे बघत होते आणि आजूबाजूचे सगळे समोरच्या स्टँडकडे! तिथे शेकडो पोरं दाटीवाटीने बसलेली, प्रत्येकाच्या हातात रंगीत पुठ्ठ्यांची चळत आणि कितव्या खुणेला कुठला रंग धरायचा याचं टिपण. खूण झाली की पुठ्ठे फिरत, आणि गुलाबी-निळ्या रंगात अक्षरं उमटत, चेहरे उमटत, समोरच्या शाळेला टोमणेही उमटत. गोल झाला तेव्हा मी टोमणा समजावून घेत होते. कुणी मारला, विचारू नका.

हे सगळं देखणं खरं, पण त्या पोरांना स्वतःला चित्र दिसत नाही. ती आपली उन्हात तासन् तास पुठ्ठे धरून. 2023 च्या स्पर्धेच्या वेळी ‘सक्ती नको’ असा आवाज विद्यार्थ्यांतूनच उठला होता. साहेबांना तो रुचला नाही, मला पटला. हौस असेल त्याने खुशाल बसावं, हजेरी लावून बसवू नये.

तुम्ही कधी गेलातच, तर पुठ्ठेवाल्यांच्या शेजारची जागा घेऊ नका. समोरच्या बाजूला, उंचावर बसा. आणि जोडीला एखादा ‘पी’ असू द्या, टोमणे समजावून सांगायला.