तिसऱ्या गिअरचं दुखणं

तुमच्या ऑफिसमध्येही असा एक जण असणारच. कँटीनमध्ये नव्या गाडीचं मायलेज, सनरूफ, म्युझिक सिस्टिम यावर सगळे तावातावानं बोलत असतात, तेव्हा जो गुपचूप वडापाव खात बसतो. आमच्या फ्लोअरवर ती मी! माझी गाडी २०१४ची, पेट्रोल, सेकंडहॅण्ड. घरात तिचं नाव 'म्हातारी'. आधीच्या मालकानं तिला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर वाढवलेलं. त्यामुळे दुखणी माझ्याकडे वारशानंच आली.

'विकून टाक ना!' हा सल्ला मला आठवड्यातून दोनदा मिळतो. पण ऑफिसला मी कंपनीच्या बसनं जाते. म्हातारीकडे एकच काम आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आईला डायलिसिसला नेणं आणि परत आणणं. मशिनवर चार तास बसून आई बाहेर येते, तेव्हा तिच्यात बोलायचंही त्राण नसतं. कधी बीपी खाली गेलेलं असतं. रिक्षाचे धक्के सहन होत नाहीत आणि पहाटे साडेपाचला कॅब 'येतोय' म्हणून कॅन्सल करते. डायलिसिस म्हणजे काही पार्लरची अपॉइंटमेंट नाही, की आज नाही तर परवा. चुकलं तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, ते थेट हृदयावर येतं. म्हणून या गाडीनं निघणं आणि पोचणं मला फार महत्त्वाचं.

आणि नेमकं तिचं ट्रान्समिशन कुरकुरायला लागलं. आधी तिसरा गिअर टाकताना 'खर्रर्र' आवाज. मग तोही रोज नाही, मूड असेल तेव्हा! पंधरा दिवसांनी एका शुक्रवारी आम्ही परत येत होतो. चांदणी चौकाचा चढ, मागच्या सीटवर आई डोळे मिटून पडलेली. मी अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन बोंबललं, आणि गाडीचा वेग मात्र कमीच होत गेला. पाठोपाठ करपल्यासारखा वास. पार्किंग लाइट्स लावून मी गाडी डावीकडे घेतली आणि इंजिन बंद केलं. आईला कॅबमध्ये बसवलं, शेजारच्या काकूंना 'खाली येऊन थांबा' असा फोन केला आणि मी टोइंगवाल्याची वाट बघत उभी राहिले. घरी पोचल्याचा आईचा मेसेज येईपर्यंतची ती पंचवीस मिनिटं... नको रे बाबा!

दुसऱ्या दिवशी एका चकाचक सर्व्हिस सेंटरनं निकाल दिला, 'मॅडम, पूर्ण गिअरबॉक्स बदला. ४५ हजार.' म्हातारीची बाजारातली किंमत फार तर लाखभर. मग मी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी आधी गाडी सपाट जागी उभी केली, हॅण्डब्रेक पूर्ण ओढला, तिसरा गिअर टाकला आणि थोडा रेस देत हळूहळू क्लच सोडला. अशा वेळी इंजिन धक्का देऊन बंद पडायला हवं. आमचं आपलं मजेत चालू! 'ताई, प्लेट घसरतीये. बॉक्सचा काय संबंध?' काका म्हणाले. इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेताना मध्ये क्लच प्लेट घट्ट धरून ठेवते. ती झिजली, की इंजिन पळतं, गाडी नाही. तो 'खर्रर्र' मात्र वेगळा. तो गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगचा. गिअर पडण्याआधी दोन्हीकडचा वेग जुळवणारी ही पितळी रिंग झिजली होती.

खरी मेख पुढे आहे. यात पार्टइतकीच महाग असते ती मजुरी. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग उतरवलाच आहे, तर रिंग, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील एकाच दमात बदलून घ्यायचे. सगळे मिळून १४,५०० रुपये.

त्या रात्री मी एक्सेल उघडली (सवय, दुसरं काय!). गाडीची किंमत किती, हा प्रश्न बाजूला ठेवला. मला वर्षभरात किती फेऱ्या हव्यात? आठवड्याला तीन, म्हणजे १५६. १४,५०० भागिले १५६, म्हणजे जाऊन येऊन एका फेरीला साधारण ९३ रुपये. नव्या गाडीचा ईएमआय आईच्या औषधांच्या बजेटमधून काढावा लागला असता. काकांना म्हटलं, 'उतरवा बॉक्स!' काम तीन दिवसांचं होतं. मधल्या सोमवारी काकूंच्या मुलानं आम्हाला सोडलं.

तुमच्याकडेही अशी एखादी म्हातारी असेल, तर तिचं ऐकायला शिका. गिअर टाकताना खरखर, चालता चालता गिअर आपोआप निसटणं, चढावर इंजिन ओरडणं, क्लच खूप वर आल्यावर गाडी हलणं, पार्किंगमध्ये तेलाचा डाग. यातलं काहीही दिसलं, की त्याच आठवड्यात गॅरेज गाठा. चढावर सिग्नलला गाडी क्लचवर तोलून धरू नका, हॅण्डब्रेक असतो कशाला? आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, तर पुढची चाकं रस्त्यावर घासत ओढून नेऊ देऊ नका. सरळ ट्रकवर चढवा, नाहीतर छोटं दुखणं मोठं होतं.

गाडी कितीही नीट झाली, तरी प्लॅन बी असू द्या. डायलिसिस सेंटरचा नंबर माझ्या स्पीड डायलवर आहे, कारण वेळेत फोन केला तर स्लॉट पुढचा मिळू शकतो. आदल्या संध्याकाळी मी म्हातारीला एक चक्कर मारून आणते. तेवढ्यानं रात्री झोप लागते.

आईनं तर माझ्याही वर कडी केलीये. परवा मागच्या सीटवरून, डोळे मिटूनच म्हणाली, 'आज दुसऱ्यावर फार वेळ ठेवलास गं, टाक की तिसरा. आता करत नाही ती आवाज.'