वर्गातला षड्ज

बारावीनंतर संगीत हा पदवीचा विषय घ्यावा की नाही, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या घरांतून बहुधा चरितार्थाचा प्रश्न म्हणून विचारला जातो, आणि ज्या लातूरचे नाव ‘लातूर पॅटर्न’ या दोन शब्दांमुळे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीशी कायमचे जोडले गेले आहे, तेथे तसे होणे स्वाभाविकही आहे. मात्र नोकरीच्या या चिंतेआड दुसरा एक प्रश्न न विचारताच राहून जातो. तो असा की, जो गळा शिकायला निघाला आहे त्याला समोरचा वर्ग मानवेल का.

या भागातला विद्यार्थी कोऱ्या गळ्याने महाविद्यालयात येत नाही. कोणी गावच्या हरिनाम सप्ताहात टाळ धरून उभा राहिलेला असतो, कोणी औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन, म्हणजे गोलाकार फिरत गायले जाणारे भजन, ऐकत मोठा झालेला असतो, तर नांदेडच्या मुलाच्या कानांवर सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातील रागींचे, म्हणजे शीख कीर्तनकारांचे, कीर्तन लहानपणापासून पडलेले असते. गुरू ग्रंथ साहिबातील बहुतेक वाणी एकतीस रागांच्या क्रमाने लावलेली आहे आणि तीत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलांना रागाचे नाव कळण्याआधीच त्याची चाल ओळखीची का असते, ते उमगते. ही मोठी पुंजी आहे. परंतु तिच्याबरोबर काही सवयीही येतात, आणि त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची सवय पट्टीची.

पट्टी म्हणजे गायकाने आपला षड्ज म्हणून स्वीकारलेली स्वराची उंची. पेटीवरील ज्या पट्टीवर तो ‘सा’ धरतो तिच्यावरून तिला काळी एक, पांढरी दोन, काळी चार अशी नावे पडली आहेत. ख्यालगायनात पुरुषांचा षड्ज साधारणतः काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास आणि स्त्रियांचा काळी चार किंवा काळी पाचला असतो, तर वारकरी भजनातले पुरुष गायक मृदंग आणि टाळांच्या गजरावर आवाज उठावा म्हणून पुष्कळदा त्याहून बऱ्याच वरच्या पट्टीत गातात. आता एकाच वर्गात अशी वीस मुले-मुली बसली असतील आणि तास पाऊण तासाचा असेल, तर शिक्षकाने पेटी कोणत्या पट्टीत धरावी? मधला मार्ग म्हणून काळी तीन धरली, तर मुलींचा आवाज मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमापर्यंत उतरताना नुसता श्वास होऊन विरतो आणि तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, षड्जाला मुलांच्या मानेच्या शिरा ताठ होतात. दोघेही बेसूर होतात, आणि दोघांनाही वाटते की, दोष आपल्याच गळ्यात आहे. जाणता शिक्षक यातून वाट काढतो. मुलांना काळी एकमध्ये गाऊ देऊन त्यांचा जो पंचम, म्हणजे काळी चार, तोच मुलींचा षड्ज ठरवून तो दोन गटांकडून आळीपाळीने गाऊन घेतो, किंवा दोन तंबोरे वेगवेगळे मिळवून ठेवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकेकाला एकट्याने गायला लावतो. समूहात लपलेला स्वर तेव्हाच उघडा पडतो.

देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने, म्हणजे मराठवाड्याच्याच भूमीवरील शास्त्रकाराने, गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत: उणीव न ठेवता शिकवू शकणारा शिक्षाकार, दुसऱ्याची नक्कल करणारा अनुकार, रसात बुडून गाणारा रसिक, श्रोत्यांना रिझवणारा रंजक आणि गीताला अधिक उठाव देणारा भावक. या यादीत शिकवण्याचे कौशल्य ही गायकाचीच एक जात मानली आहे, ही गोष्ट विशेष मोलाची वाटते. कारण आपल्याकडे महाविद्यालयाची निवड करताना तेथील अध्यापक किती रंजक गातात हे आवर्जून पाहिले जाते आणि ते शिक्षाकार आहेत का, हे कोणी पाहत नाही.

अर्थात वर्गात संगीत शिकवण्याची पद्धत ही तडजोड म्हणून जन्मली नव्हती. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, पुढे १९२६ मध्ये भातखंडे यांच्या प्रयत्नांनी लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले, आणि घराण्याच्या दाराबाहेर राहिलेल्यांना विद्या मिळाली. आजही विद्यार्थ्यापुढे दोन वाटा आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा खाजगी गुरूकडे शिकूनही देता येतात; विद्यापीठाची पदवी मात्र पदव्युत्तर शिक्षण, ‘नेट’ परीक्षा आणि अध्यापनाच्या जागा यांच्याकडे नेते. १९९४ साली स्थापन झालेल्या, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात त्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, आणि लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी संगीत हा कला शाखेतील विषय म्हणून शिकता येतो. संगीत हाच मुख्य अभ्यास असणे आणि अनेक विषयांपैकी तो एक असणे, यांत आठवड्याच्या तासांचा फार मोठा फरक पडतो, आणि प्रवेशअर्ज भरताना तो पुष्कळ पालकांच्या ध्यानातच येत नाही.

या दोन वाटांत वैर मानण्याचे कारण नाही. नांदेडचे पं. नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे गुरूपुढे बसून शिकले आणि पुढे औरंगाबादला महाविद्यालयीन अध्यापक झाले. गुरूकडून मिळालेले त्यांनी वर्गात वाटले. ज्याला केवळ कीर्तनाची साथ करायची आहे, त्याने मात्र चांगला गुरू धरावा, मंडळाच्या परीक्षा द्याव्यात आणि पदवी दुसऱ्या विषयात घ्यावी, असे स्पष्टपणे सांगणे हेच त्याच्या हिताचे आहे. कारण तीन वर्षे ख्यालाची बढत, म्हणजे रागाचा संथ, स्वरास्वराने होणारा विस्तार, मनाविरुद्ध शिकण्यात त्याचे वय आणि आवाज दोन्ही खर्ची पडतात.

बाकीच्यांनी प्रवेशाआधी परवानगी घेऊन एक तास वर्गात मागे बसावे. तंबोऱ्याच्या तारा गंजल्या आहेत की रोज जुळवल्या जातात, जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेला, स्वराला झंकार देणारा धागा, जागेवर आहे का, कोणी चुकले तर तास थांबतो की तसाच पुढे जातो, हे तेवढ्या वेळात दिसते. मग शिक्षकांना एवढेच विचारावे की, आमची मुलगी तुमच्या वर्गात कोणत्या पट्टीत गाईल. काही शिक्षक या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. पेटी जवळ ओढतात आणि तिला आधी षड्ज लावायला सांगतात.