भूतानच्या वेशीवर

वाचकहो, भूतानला जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही हे खरे; पण प्रवेशाचा परवाना लागतो, आणि फसगत होते ती येथेच. पश्चिम बंगालमधील जयगाव ओलांडून आपण फुंटशोलिंगला पोचलात, की प्रथम पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र विचारले जाते. आपण एरवी सर्वत्र दाखवतो ते आधारकार्ड तेथे चालत नाही. पारपत्राची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. मुलांचे पारपत्र नसेल, तर इंग्रजीतील जन्मदाखला हवा. जुना, केवळ मराठीतला दाखला ज्यांच्या पेटीत असेल त्यांनी तो घरीच बदलून घ्यावा. मुलाला वेशीवर ठेवून काही आईबाप पुढे जात नाहीत!

सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांस दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांस निम्मे, त्याहून लहानांस माफ. आईबाप आणि आठ वर्षांची मुलगी तीन रात्री राहिली, तर शुल्कच ९,००० रुपये. रक्कम थोडी नाही खरी. पण बहुतेक परदेशीयांस माणशी शंभर डॉलर मोजावे लागतात.

आणि वेस ओलांडताच घड्याळ अर्धा तास पुढे करावे. कचेऱ्या भूतानच्या वेळेने उघडतात.