एक बेट, दोन पाऊस

श्रीलंकेला जायचे म्हणून आमच्या वस्तीतल्या बावीस जणांनी दोन वर्षे दरमहा पैसे साठवले. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब जिथे गेले, ती भूमी एकदा पाहायची होती. २०२४ च्या जूनमध्ये, ज्येष्ठ पौर्णिमेच्या आठवड्यात, आम्ही कोलंबोला उतरलो तेव्हा धो धो पाऊस होता. मुंबईहून आलेल्यांना त्याचे काय नवल?

नवल पुढे होते. बसने उत्तरेला अनुराधपूरकडे निघालो. दोनशे किलोमीटरच्या वाटेत नारळीच्या बागा मागे पडल्या, ढग विरळ झाले. अनुराधपूरला पोचलो तर रखरखीत ऊन, तांबडी माती आणि कोरडा वारा. आमच्यातल्या एका मावशींनी ओली छत्री उन्हात वाळत घातली आणि विचारले, "दादा, देश तोच ना?"

देश तोच. क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिस्स्याहून थोडे अधिक. विषुववृत्त जवळ, त्यामुळे आपल्यासारखा हिवाळा नाही. कोलंबोत बारा महिने सरासरी २७ अंश. तिथले ऋतू ठरतात पावसावरून. बेटाच्या दक्षिण-मध्य भागात डोंगर आहेत. त्यांतले पिदुरुतलागला हे शिखर २,५२४ मीटर उंच. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे या डोंगरांना अडतात आणि त्या बाजूला पाऊस ओततात. पलीकडे कोरडे वारे जातात. आपल्या कोकणात पूर येतो तेव्हा माण-खटाव आभाळाकडे पाहत असते, तसेच हे. उत्तर आणि पूर्व भागांचा मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. पुढे बरेच महिने कोरडे.

मग अशा कोरड्या मुलखात अनुराधपूरसारखी राजधानी शतकानुशतके कशी नांदली? सम्राट अशोकाचे पुत्र स्थविर महिंद आले ते जवळच्या मिहिंतले टेकडीवर. भिक्षुणी संघमित्रांनी आणलेली बोधिवृक्षाची फांदी रुजली ती अनुराधपुरातच. ती जगली, शहर जगले, ते तळ्यांवर. सिंहली लोक तळ्याला 'वेव' म्हणतात. पावसाळ्यातले पाणी मातीच्या बांधाने अडवायचे आणि वर्षभर पुरवायचे. गावोगावची तळी उतरंडीसारखी रचलेली. वरच्या तळ्याचे पाणी शेतातून निथळून खालच्या तळ्यात जाते आणि तिथून पुन्हा शेतात. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कलावेव बांधला. तिथून अनुराधपूरच्या तिसावेव तळ्यापर्यंत ८७ किलोमीटरचा कालवा येतो. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे अवघा दहा सेंटीमीटर! संध्याकाळी तिसावेवच्या बांधावर आम्ही बराच वेळ बसलो. राजांची नावे इतिहासात राहिली. या बांधांची माती ज्यांनी डोक्यावर वाहिली, त्यांची नावे मात्र कुठेच नाहीत.

दोन दिवसांनी नुवारा एलियाला गेलो. उंची सुमारे १,८७० मीटर. जूनमध्येही स्वेटर लागला. धुके, भुरभुर पाऊस आणि नजर पोचेल तिथे चहाचे मळे. इंग्रजांनी इथले जंगल तोडून आधी कॉफी लावली, १८६७ पासून चहा. मळ्यांत राबायला तामिळ मुलखातून भूमिहीन माणसे आणली. त्यांत दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचे नागरिकत्वच गेले. उरलेल्यांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मिटला. चहा खुडणाऱ्या बायका पाठीवर टोपली घेऊन उतारावर उभ्या होत्या. त्यांच्या खोल्या, 'लाइनी', त्याच उतारांवर.

जंगलाची मुळे गेली की डोंगराची माती मुसळधार पावसात धरून राहत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये बदुल्ला जिल्ह्यात मीरियाबेद्द येथे मळेकामगारांच्या लाइनी दरडीखाली गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'दितवा' चक्रीवादळ आले तेव्हा याच डोंगराळ भागात दरडी कोसळल्या. देशभरात सहाशेहून अधिक माणसे गेली. बातमी आली त्या रात्री मावशी माझ्या घरी आल्या. "त्या टोपलीवाल्या बाया कशा असतील हो?" एवढेच म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही.

पाऊस निसर्गाचा, पण त्याचे पाणी कुणाच्या शेतात जाते आणि त्याची दरड कुणाच्या घरावर येते, हे माणसे ठरवतात. जिथे पाऊस कमी, तिथे तळी बांधून पाणी पुरवले गेले. जिथे पाऊस भरपूर, तिथे राबणाऱ्याला सपाट जमिनीचा तुकडा मिळाला नाही. वाचकहो, मुलांना श्रीलंकेचा नकाशा दाखवाल तेव्हा अनुराधपूर जरूर दाखवा. पण बोट तिथेच थांबवू नका. खाली डोंगरापर्यंत न्या.